टेकडीवाटेच्या दुरुस्तीच्या नोंदी: ऑक्टोबर २०२४ ते जुलै २०२५

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार. पाहणी

सोमवारी जंगल पर्यटकांना बंद, म्हणून कामाचा वार सोमवार. वाट बोरिवलीच्या जंगलातली, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली, ओढ्यापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत. लांबी १३८० मीटर, चढ ९६ मीटर. म्हणजे सरासरी ७ टक्के, कागदावर अगदी सोपी. पण सरासरीवर जाऊन चालत नाही, म्हणून वाटेचे तीन तुकडे पाडले.

अ: पहिले ४२० मीटर, चढ १६ मीटर. चांगला आहे, फक्त कडेची माती काढायची.
ब: पुढचे ३४० मीटर, चढ ५८ मीटर. सगळं दुखणं इथेच.
क: शेवटचे ६२० मीटर, चढ २२ मीटर. किरकोळ काम.

चढ गवंड्याच्या पाण्याच्या नळीने मोजला. १० मीटरची पारदर्शक नळी, दोन टोकांना सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या, आणि पाण्यात चिमूटभर नीळ, म्हणजे झाडाच्या सावलीतही पातळी दिसते. नळीत बुडबुडा राहिला की माप ५-१० सेंटीमीटरने चुकतं आणि चुकलंय हे कळतही नाही. त्यामुळे दर वेळी आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघायचं. मोबाइलमधल्या अ‍ॅपने उंची मोजायचा मोह टाळलेला बरा. झाडीखाली त्यात काही मीटरची चूक सहज येते.

पाहणी पाऊस पुरता ओसरायच्या आत केली, ती मुद्दाम. पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं, ते आता वाटेवर लिहिलेलं असतं. सागाची पानं जिथे आडवी साचली तिथे पाणी अडलं. मुरमाचा पंखा पसरलाय तिथे ते वाटेवरून उतरलं. आणि बारीक माती जाऊन नुसते गोटे उघडे पडलेत तिथे ते वाटेवरूनच धावलं. डिसेंबरात या खुणा पायांखाली पुसून जातात.

१४ ऑक्टोबर २०२४. सिमेंटच्या पायऱ्या

‘ब’ तुकड्यात ११० मीटरचा पट्टा सरळ उताराच्या तोंडाला लागलेला आहे. पाणी ज्या दिशेने खाली जाईल, नेमकी तीच वाटेची दिशा. चढ २६ मीटर, म्हणजे जवळपास २४ टक्के. त्यावर फार पूर्वी कुणीतरी सिमेंटच्या पायऱ्या घातल्या होत्या. त्यातल्या बहुतेक आता अधांतरी आहेत; पहारीने ठोकलं की खालून पोकळ आवाज येतो.

बिघडलं ते असं. पायरीची उंची २५ ते २८ सेंटीमीटर ठेवली होती. उतरताना गुडघ्याला ती जड जाते, म्हणून लोक पायरी सोडून कडेने उतरू लागले. कडेचं गवत गेलं, माती उघडी पडली, पाण्याला मऊ जागा मिळाली. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना घळ पडली आणि त्या घळीतून पाणी पायरीच्या पोटात शिरलं. सिमेंट जागेवर, खालची जमीन मात्र गेली. मग लोक घळीच्याही पलीकडून चालू लागले. आज वरच्या टोकाला वाट साडेतीन मीटर रुंद आहे आणि त्यात चार समांतर पायवाटा आहेत. मूळची असणार मीटरभर.

घळीचं माप: रुंदी सरासरी ६० सेंटीमीटर, खोली ४०. म्हणजे ११० मीटरमध्ये साधारण २६ घनमीटर माती खालच्या ओढ्यात गेली.

पायऱ्या पुन्हा बांधाव्यात, असं पहिल्या बैठकीत तिघांचं मत होतं. आमचं मत: हा पट्टाच सोडायचा. सरळ उतारावरची वाट दगडाची करा, सिमेंटची करा, नाहीतर फरशीची, तिच्यावर आलेलं पाणी बाजूला काढायला जागाच नसते. दोन्ही बाजूंची जमीन वाटेच्या बरोबरीची किंवा उंच. पाणी वळवणार कुठे?

२८ ऑक्टोबर २०२४. नवी आखणी

दिवाळीच्या आधीचा सोमवार, माणसं कमी. आखणीला तीनच लागतात, त्यामुळे अडलं नाही.

दोन नियम धरले. पहिला: वाटेचा चढ आजूबाजूच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको. तो जास्त झाला की पाणी वाट ओलांडून पलीकडे जाण्याऐवजी वाटच धरतं. नवी वाट जाते त्या बाजूचा उतार ४० टक्के, म्हणजे नियमाने २० टक्क्यांपर्यंत चालेल. दुसरा नियम मातीचा: भुसभुशीत मुरमात १० ते १२ टक्क्यांवर गेलं की बुटाखालीच माती सुटते, पाऊस लांबच. दोन्हींत जो कडक तो धरायचा.

१० टक्क्यांची रेघ आखली तर २६ मीटर चढायला २६० मीटर लागतात. ती रेघ कापडाच्या लाल पट्ट्यांनी झाडाझुडपांवर खुणावली. खिळे, रंग काही नाही. आणि मग अडचण आली. वरचे ३५ मीटर कारवीच्या दाट पट्ट्यातून जात होते.

एरवी कारवी तोडली तर पुन्हा फुटते, फारसं बिघडत नाही. पण हे वर्ष वेगळं. इथली कारवी २०१६ ला फुलली होती, आणि आठ वर्षांनी यंदा पुन्हा फुलली. फुलून गेली की झाड वाळतं. बी बोंडात राहतं, पुढच्या पावसाच्या सुरुवातीला बोंडं तडकून बाहेर पडतं आणि रुजतं. म्हणजे आत्ता त्या पट्ट्यात पुढच्या आठ वर्षांची सगळी कारवी बोंडांत लटकते आहे. तिथे आत्ता कोयता घालायचा नाही.

रेघ खाली सरकवली, सागाखालून नेली. लांबी २२५ मीटर, चढ ११.६ टक्के, दोन वळणं. थोडी उभी झाली, पण बसते. एकही झाड तोडायचं नाही. दोन ठिकाणी वाट झाडाच्या वरच्या बाजूने नेली. खालच्या बाजूने नेली की मुळं वाटेवर येतात आणि पावसात बुळबुळीत होतात. नकाशा, मापं आणि खुणांचे फोटो परवानगीसाठी वनविभागाकडे दिले. राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून एक फावडंही मारायचं नाही, जुन्या वाटेवरसुद्धा.

१८ नोव्हेंबर २०२४

बुधवारी विधानसभेचं मतदान. सोबतीला वनरक्षक नाही, म्हणून काम नाही.

२५ नोव्हेंबर २०२४. हत्यारं आणि झाडणी

परवानगी आली. सामान: पहारी ४, टिकाव ६, फावडी ६, घमेली १२, घण २, छिन्न्या, धुमस २, दाताळी ४, करवती ३, कोयते ३, दोरी, ओळंबा, पाण्याची नळी. चार पहारी कमी पडतात, हे पहिल्याच दिवशी कळलं. दगडाला दोन बाजूंनी दोन पहारी लागतात आणि तिसरी टेकूला. आठ माणसांना सहा हव्यात.

झाडणी ‘अ’ आणि ‘क’वर: रुंदी १.२ मीटर, उंची २.१ मीटर. पावसाळ्यात ओल्या पानांच्या वजनाने फांदी हातभर खाली येते, म्हणून आत्ता डोक्याला लागत नाही तेवढ्यावर थांबायचं नाही. फांदी खोडाला चिकटून कापू नये. खोडापाशी जो फुगीर कंगोरा असतो तो ठेवून कापायची, जखम तिथूनच भरते. जाड फांदीला आधी खालून तिसऱ्या हिश्शाएवढी खाच, मग थोडं पुढे वरून काप, आणि शेवटी उरलेलं खुंट. थेट वरून कापली तर फांदी पडताना साल सोलत नेते.

घाणेरी आणि रानमोडी मुळासकट उपटली. कापून उपयोग नाही, चौपट फुटते. उपटलेली घाणेरी मुळं वर करून दगडावर ठेवायची. मातीला टेकली की पुन्हा धरते.

९ डिसेंबर २०२४. खोदकाम सुरू

पाड्यावरचे सहा गडी आणि आम्ही दोघं. सगळी वाट डोंगरात कापून काढायची. अर्धी कापलेली आणि अर्धी भरावावर, असं करायचं नाही. भरावाची बाहेरची कड दोन पावसात बसते आणि वाट बाहेर कलंडते. एक मीटर रुंदीला आतल्या बाजूला ४० सेंटीमीटर उभा काप येतो, तो तिरपा छिलायचा. उभा ठेवला तर ढासळतो. हिशेब: मीटरला पाव घनमीटर, २२५ मीटरला ५५ घनमीटरच्या आसपास. कडक मुरमात एक गडी दिवसाला दीड ते दोन घनमीटर काढतो. सहा सोमवार धरले.

वाटेला बाहेरच्या बाजूला उतार हवा: एक मीटर रुंदीला ५ सेंटीमीटर. डोळ्याला हा उतार दिसत नाही आणि चालताना जाणवत नाही, पाण्याला मात्र पुरतो. आज पहिल्या ३० मीटरमध्ये तो बरोबर उलटा, आतल्या बाजूला निघाला. कारण साधं. उकरणारा डोंगराकडे तोंड करून उभा असतो, टिकाव त्याच्याकडे ओढला जातो, आणि आतली बाजू खोल जाते. आता दर तीन मीटरला मीटरची फळी आडवी ठेवून तिच्या बाहेरच्या टोकाखाली ५ सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा घालायचा. वर पाणसळ ठेवली की बुडबुडा मधोमध आला पाहिजे. ३० मीटर पुन्हा छिलले.

निघालेली माती खाली लोटायची नाही. निम्मी जुन्या घळीसाठी वरच्या टोकाला ढिगात. उरलेली झाडीत बोटभर थराने पसरली.

१६ डिसेंबर २०२४. खाजकुयली

दुसऱ्या वळणापाशी वेलीवर वाळलेल्या शेंगा. तपकिरी मखमली लव. हात लावायची गरज नाही, वाऱ्यानेही उडते. वेल ओढायची नाही, झटकायची तर मुळीच नाही. शेंगांवर फवारणीच्या पंपाने पाणी मारलं, लव चिकटून बसली, मग लांब दांड्याच्या कोयत्याने कापून गोणीत. अंगाला लागलीच तर चोळायचं नाही. चोळलं की केस कातडीत घुसतात. चिकटपट्टी लावून उपटायची, दोन-तीनदा, आणि मग साबणाने धुवायचं. चिकटपट्टीचं एक रीळ आता हत्यारांच्या पेटीतच असतं.

६ जानेवारी २०२५. वळणं

वळण हा वाटेचा सगळ्यात महाग भाग. दोन्ही वळणांवर मिळून खोदकामाइतकेच दिवस जाणार.

वळणाचा ओटा पावणेदोन मीटर त्रिज्येचा, बाहेर ५ टक्के उतार. वरच्या वाटेचं पाणी ओट्यावर येऊच द्यायचं नाही. ओट्याच्या ४ मीटर आधी ते बाहेर काढायचं. नाहीतर तेच पाणी वळून खालच्या वाटेवर येतं, आणि केलेलं काम एका पावसात दुप्पट वेगाने धुतं.

ओट्याखाली कोरड्या दगडांची भिंत: लांबी ३.२ मीटर, उंची ७० सेंटीमीटर, बुडाशी रुंदी ४५. पाया २० सेंटीमीटर खोल, आतल्या बाजूला कललेला. भिंतीचा तोंडवळा दर २५ सेंटीमीटर उंचीला ५ सेंटीमीटर आत. रचताना सांधेमोड पाळायची, सांध्यावर सांधा येता कामा नये. नवखा माणूस लांब दगड दर्शनी बाजूला आडवा ठेवतो, कारण मग भिंत झटपट वाढते आणि दिसतेही छान. तो दगड भिंतीला धरत नाही, एक दिवस नुसता पुढे घसरतो. लांब बाजू डोंगराच्या पोटात गेली पाहिजे. आज आमच्याकडून असे सात दगड लागले होते. रचकाम करणाऱ्या काकांनी काही न बोलता ते सगळे काढून बाजूला मांडले आणि चहाला गेले.

भिंतीच्या मागे माती भरायची नाही. हातभर रुंदीत चिपा आणि बारीक डबर. माती ओली होऊन फुगते आणि भिंत ढकलते. दगडांतून पाणी गळून जातं.

वळणावर लोक आडवं कापतात, म्हणजे वरच्या वाटेवरून खालच्या वाटेवर थेट. ते टाळायला पहिलं वळण बांबूच्या बेटाला वळसा घालून घेतलं. खालची वाट दिसली नाही की माणूस आडवा उतरत नाही. दुसऱ्या वळणावर आडोसा नव्हता, तिथे कललेला मोठा धोंडा चार पहारींनी लोटून आणला. एवढ्यासाठी अर्धा दिवस गेला.

२० जानेवारी २०२५. दगडी पायऱ्या

ओढ्याजवळ कातळाचा एक टप्पा टाळता येत नाही. तिथे नऊ पायऱ्या. उंची १७ सेंटीमीटर, पाय ठेवायला ४५. दगड जुन्या सिमेंटच्या पायऱ्यांखालच्या सोलिंगमधले आणि कड्याखाली सुटून पडलेले. ओढ्याच्या पात्रातला एकही नाही. पात्रातला दगड काढला की तळ मोकळा होतो आणि काठ खचू लागतो. शिवाय त्याखाली खेकडे असतात. बाहेरून ट्रकने मुरूम आणायचा प्रस्तावही आला होता. नको म्हटलं. त्याच्याबरोबर गाजर गवताचं बी येतं, आणि मग पुढची पाच वर्षं तेच उपटत बसायचं.

७० बाय ४५ बाय २० सेंटीमीटरचा काळा दगड साधारण १८० किलो भरतो. दोन बांबू, काथ्याचा दोर, सहा माणसं. वाट्याला ३० किलो. उतारावर दगडाच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, पाणी द्यायलासुद्धा.

पायरी खालून वर रचायची. वरच्या दगडाची पुढची कड खालच्या दगडाच्या मागच्या १० सेंटीमीटरवर टेकली पाहिजे, म्हणजे वरच्याचं वजन खालच्याला दाबून धरतं. बसवला की चारी कोपऱ्यांवर उभं राहून बघायचं. नववी पायरी आम्हाला पक्की वाटली होती. काकांनी टाच आपटली आणि कान दिला. “दादा, हा वाजतोय अजून. काढा.” डुगडुगत नव्हता, पण डाव्या मागच्या कोपऱ्याखाली पोकळी होती, बोटभर. चीप मारून भागवू म्हटलं तर नाही. वरून मारलेली चीप पावसात सुटते. दगड उचलून, खाली बारीक डबर घालून, ठोकून, मग पुन्हा बसवला. पाऊण तास. आता टाच मारली की नुसता ‘धप्’ आवाज येतो.

१० फेब्रुवारी २०२५. पाणी बाहेर काढणं

आत्तापर्यंतचं सगळं काम या कामासाठी होतं.

नव्या वाटेवर १४ ‘मोड’ काढले. मोड म्हणजे चढत्या वाटेला मध्येच दोन मीटरपुरता किंचित उलटा चढ. वरून आलेलं पाणी त्या खोलगट जागी थबकतं आणि बाहेरच्या कडेने पडतं. उलट्या चढाची उंची १५ सेंटीमीटर. तोंड, म्हणजे पाणी बाहेर पडण्याची जागा, किमान दीड मीटर रुंद. शेताच्या बांधाला जादा पाणी जायला सांड ठेवतात, तीच ही गोष्ट, आणि पाड्यावरच्या गड्यांना ती समजावून सांगावी लागली नाही. तोंडाबाहेर दगडांची पसरण, म्हणजे पडणारं पाणी खड्डा पाडत नाही. दोन मोडांत १५ मीटर. चढ १५ टक्क्यांवर गेला तर १० मीटर, २० च्या पुढे सहा-सात.

‘ब’चे उरलेले २३० मीटर जुन्याच वाटेवर आहेत, चढ १४ टक्के. कातळ वर आहे, मोड खोदता येत नाहीत. तिथे दगडी आडबांध, म्हणजे पाणी वाटेबाहेर वळवणारी दगडांची ओळ, १९ नग. दगडाचा दोनतृतीयांश भाग जमिनीत, वर फक्त १०-१२ सेंटीमीटर. आडबांध वाटेला काटकोनात घातला तर पाणी थांबतं, गाळ टाकतं आणि पुढच्या पावसात वरून वाहतं. तो ४५ अंशांत तिरपा हवा, म्हणजे पाण्याचा वेग मरत नाही आणि गाळ पाण्याबरोबर बाहेर जातो. आतलं टोक डोंगरात हातभर घुसवायचं, बाहेरचं टोक वाटेच्या कडेपलीकडे ३० सेंटीमीटर न्यायचं.

पंधरा आणि सोळा नंबरचे आडबांध साठ अंशांच्या पुढे, जवळजवळ आडवे लागलेत. मुळं आडवी आली म्हणून. पावसात बघू.

२४ फेब्रुवारी २०२५. वणव्याचे दिवस

१५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम. दुपारी पारा आत्ताच ३७-३८ च्या घरात. कामाची वेळ सकाळी साडेसहा ते साडेदहा, माणशी चार लिटर पाणी. फुललेली कारवी पूर्ण वाळली आहे, काडी मोडली की कडकन आवाज येतो. अशा उतारावर आग वर चढते ती माणसाच्या पळण्याच्या वेगाने. म्हणून घण-छिन्नीचं काम कारवीपासून लांब, उघड्या कातळावर. विडी-काडी गेटवरच जमा. कामाच्या जागी हिरव्या फांद्यांचे दोन झोडपे आणि पाण्याचा पंप भरून.

वाटेवरची सागाची पानं दाताळ्याने बाजूला केली. सागाचं वाळलेलं पान उतारावर साबणासारखं घसरतं.

१७ मार्च २०२५. जुनी वाट बुजवणं

होळी झाली. कडेला रचून ठेवलेल्या सुक्या फांद्यांपैकी बऱ्याच गेल्या. त्या जुनी वाट झाकायला ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षी फांद्या होळीनंतर तोडायच्या.

घळीत अनघड दगडी बांध घातले. नियम असा की खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचं बूड एका पातळीत यावं. २४ टक्के उतारावर ३५ सेंटीमीटर उंचीचा बांध धरला तर दर दीड मीटरला एक, म्हणजे सत्तरहून जास्त. तेवढे दगड नाहीत. २६ घातले, चार-चार मीटरवर, आणि मधे साठवलेली माती १५ सेंटीमीटरच्या थरांनी धुमसून भरली. नियम मोडलाय, ठाऊक आहे. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा १० सेंटीमीटर खाली ठेवला, म्हणजे पाणी मधून जाईल.

जुन्या वाटेचं दिसणारं तोंड, दोन्ही टोकांना १२-१२ मीटर, सुक्या फांद्या उभ्या खोचून झाकलं. आडव्या टाकलेल्या फांदीवरून लोक पाय टाकून जातात. ‘वाट बंद’ अशी नुसती पाटी लावली तर ती पाटी वाट कुठे आहे ते दाखवते.

७ एप्रिल २०२५. पाट्या

पाच पाट्या, जस्त चढवलेल्या पत्र्याच्या, लोखंडी अँगलवर. लाकडी खांब दोन वर्षांत वाळवी खाते. नटबोल्टही जस्त चढवलेले; साधा बोल्ट इथल्या दमट हवेत गंजून पाटीवर तांबडे ओघळ आणतो. माकडं पाटीवर बसतात, म्हणून वरची कड तिरपी. झाडाला खिळा नाही.

मजकूर जितका कमी तितका वाचला जातो. बिबट्याच्या पाटीवर चार ओळी: अंधार पडायच्या आत खाली या. लहान मुलांना मधे ठेवा. दिसला तर पळू नका, वाकू नका. उभे राहून मोठ्याने बोलत मागे सरका. ‘सावधान, धोका’ वगैरे काढून टाकलं. त्याने माणसाला काय करायचं ते कळत नाही.

१२ मे २०२५. अवकाळीची चाचणी

६ तारखेच्या संध्याकाळी वादळ आणि पाऊस झाला. आयती चाचणी. १४ पैकी ११ मोडांच्या तोंडाबाहेर ओला मुरूम, म्हणजे पाणी बाहेर पडलं. तीन मोड सागाच्या पानांनी तुंबलेले. एक पान ताटाएवढं. दोन पानं तोंडाशी आडवी बसली की मागे सगळं अडतं. तोंडं दीडऐवजी दोन मीटर केली आणि वरच्या पाच मीटरमधली पानं ओढून काढली. हे काम दर वर्षी मेच्या शेवटी करावंच लागेल.

शिल्लक काम: खालच्या ३० मीटरची कड, दोन मोडांची दबाई, ओढा ओलांडायला टाकायचे टप्प्याचे दगड. मुंबईत पाऊस ११ जूनच्या सुमाराला धरतात. चार सोमवार हातात आहेत.

२६ मे २०२५

नाहीत. आज मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं; मे महिन्यात इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. याआधीची सर्वांत लवकरची तारीख २९ मे १९५६ ची. कुलाब्याला झोडपलं, आमच्या बाजूला त्या मानाने कमी, पण पुरेसा.

सकाळी नऊला काम थांबवलं. तासाभरात एवढंच केलं: सगळ्या मोडांची तोंडं फावड्याने मोकळी, दबाई न झालेल्या दोन मोडांवर सागाची पानं आणि त्यावर बांबूच्या फांद्या, वर दगड, कड न बांधलेल्या ३० मीटरच्या वरच्या टोकाला एक तात्पुरता मातीचा आडबांध, पाणी त्या तुकड्यात शिरायच्या आधीच बाहेर. हत्यारं मोजून गोणीत. ओढ्याचं पाणी गढूळ व्हायला लागलं तसे खाली उतरलो. पाणी गढूळ झालं आणि त्यात काड्या-पानं दिसली, की वर जोरात पडतोय. तेव्हा पात्र ओलांडायचं नाही, मग घोट्याएवढं का असेना.

२ जून २०२५

जुन्या घळीतले २६ पैकी दोन बांध फुटले, २३ आणि २४. फुटले म्हणजे दगड जागच्या जागी आहेत, पाणी त्यांना वळसा घालून गेलं. कारण: टोकं काठात हातभर घुसवायची राहिली होती, कातळ लागला म्हणून तिथेच थांबलो. मधल्या भरावाची माती वरच्या दहा बांधांत ५ ते ८ सेंटीमीटर बसली. खालच्यांत काही ठिकाणी २०. बांधांतलं अंतर जास्त, हे त्याचंच.

भिंती जागेवर. पायऱ्या नऊच्या नऊ, टाच मारून बघितल्या.

१४ जुलै २०२५

छत्री घेऊन, पाऊस चालू असतानाच वाट पाहिली. कोरड्या दिवशी दहा चकरा मारून जे कळत नाही ते भर पावसात एका फेरीत दिसतं.

मोड १ ते ६: पाणी स्वच्छ बाहेर. मोड ७: तोंडाशी ६ सेंटीमीटर गाळ, पाणी अर्धं बाहेर, अर्धं वाटेवरून. उलटा चढ पायांनी दबून १५ चा ९ सेंटीमीटर झालाय. ८ ते १४ ठीक. आडबांध १५ आणि १६: दोन्ही गाळाने भरून सपाट, पाणी थेट वरून. सोळाच्या खाली आत्ताच बोटभर चर पडली आहे. मूळ तोडायचं नाही, आडबांध दीड मीटर वर सरकवून तिरपा घालायचा.

बाहेरची कड: लोकांच्या पायांनी दबून आत खळगा आणि कडेला मातीचा वरंबा, मोड ९ ते ११ मध्ये. हा वरंबा पाण्याला बाहेर जाऊ देत नाही. फावड्याने कापायचा, आत्ता नाही; ओल्या मातीत कापला तर कडच सुटते.

जुन्या वाटेच्या वरच्या तोंडाच्या फांद्या कुणीतरी ओढून बाजूला केल्यात, ताज्या बुटांचे ठसे आहेत. त्याच्या खाली, तिसऱ्या आणि सातव्या बांधाच्या मधल्या भरावावर कारवीची रोपं उगवली आहेत. वरच्या पट्ट्यातलं बी वाहून आलं असणार. उंची बोट-दीड बोट, वितीत वीस-पंचवीस. ठसे त्यांच्यापासून दोन हातांवर थांबलेत. फांद्या पुन्हा उभ्या खोचल्या, या वेळी बुडाशी दगड लावून. ऑक्टोबरपर्यंत तिथे कुणी उतरायचं नाही, मोजायलाही नाही.

ऑक्टोबरची यादी: आडबांध १५, १६. मोड ७ पुन्हा. बांध २३, २४ ची टोकं काठात. वरंबा, ९ ते ११. राहिलेली ३० मीटर कड. पहारी २ जादा.